हळदीचा करडा रंग

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी गोणपाटावर ओतलेली पॉलिशची हळकुंडे लांबूनही नजरेत भरतात. त्याच दृश्याचा कृष्णधवल फोटो केला, की हळद गोणपाटात विरघळून जाते. बिघाड कॅमेऱ्यात नसतो. दोन्हींचे रंग वेगळे आहेत, पण उजळपणा जवळजवळ सारखाच आहे.

डिजिटल फोटोतल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. समजा, हळकुंडाचे आकडे २००, १४०, ४० आहेत आणि गोणपाटाचे १६५, १३५, ९५. डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ जाणवतो, म्हणून करडा रंग काढताना लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के धरण्याची रीत आहे. हिशेब केला तर हळद येते १४७ आणि गोणपाट १४०. सात अंकांच्या फरकावर फोटो उभा राहत नाही.

हे प्रमाण आपणच ठरवायचे. जिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममधल्या ‘मोनो मिक्सर’मध्ये लाल १०० टक्के, हिरवा ३०, निळा उणे ३० ठेवून पाहा: हळद २३०, गोणपाट १७७. तिन्हींची बेरीज १०० राहिली, की पांढरे पांढरेच राहते. उलट फक्त निळा घेतला, तर हळद ४० वर उतरून काळपट होते, कारण तिच्यातले कुर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते. हळद उजळ हवी की काळी, हे फोटो काढणाऱ्याने ठरवायचे. ‘सॅच्युरेशन शून्य’ केले, तर तो निर्णय यंत्र घेते, आणि बहुतेक निर्जीव फोटो तिथेच बिघडतात.

म्हणून फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलमध्येच काढावा. कॅमेरा ‘रॉ + जेपेग’वर आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोमवर ठेवली, की स्क्रीनवर कृष्णधवल दिसते आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. मिक्सर जोरात ओढला, की जेपेगमधल्या आभाळात पट्टे उमटतात. रॉ फाइल डार्कटेबल किंवा रॉथेरपीत उघडा. दोन्ही मोफत आहेत आणि असा मिक्सर दोन्हींत आहे.

एक्स्पोजरला इथे जास्त जपावे लागते. हळदीचा लाल आकडा आधीच मोठा असतो. प्रकाश थोडा जास्त झाला, की तो २५५ला टेकतो आणि हळकुंडावरच्या सुरकुत्या नाहीशा होतात. उजळपणाचा हिस्टोग्राम (किती बिंदू किती उजळ, हे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) मात्र सारे ठीक असल्याचे दाखवतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहा आणि एक्स्पोजर २/३ स्टॉप कमीच ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

भिंगावर लाल फिल्टर लावायचा मोह टाळा. सेन्सरच्या बिंदूंवर रंगीत गाळण्या बसवलेल्या असतात: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या रचनेचे पेटंट १९७६चे. लाल फिल्टर लावला, की मुख्यतः त्या पाव भागालाच प्रकाश पोचतो. बारकावे जातात, दाणे वाढतात. लायका एम मोनोक्रोमसारख्या, २०१२ साली आलेल्या, रंगीत गाळण्याच नसलेल्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे रंगाची नोंदच होत नाही, त्यामुळे फिल्टर भिंगावरच लावावा लागतो.

सगळ्यात अवघड चेहरे. हळदीसाठी लाल वाढवला, की उन्हात रापलेला शेतकऱ्याचा चेहराही गोरा आणि सपाट होतो, ओठ फिके पडतात. हे चेहऱ्याशी खोटे वागणे आहे. चेहऱ्यापुरता मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तिथे हिरव्याचे प्रमाण वाढवावे. सुरकुत्या परत येतात. निळा उणे करतानाही हात आखडता ठेवा. सावलीतल्या पांढऱ्या धोतरावर आभाळाचा निळसर प्रकाश पडलेला असतो, त्यामुळे ते मळकट दिसू लागते. सांगलीच्या इर्विन पुलाच्या कडेला, जिथे निळे आभाळ टेकते, तिथे पांढरी किनार उमटते. आणि पावसाळी करड्या आभाळावर मिक्सरचा फारसा परिणाम होत नाही, कारण त्यात तिन्ही रंग जवळपास सारखेच असतात.

प्रिंट काढताना रंगीत शाईचा प्रिंटर करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक आणतो, आणि ती ट्यूबलाइटखाली एक, उन्हात दुसरी दिसते. मोठी प्रिंट काढण्याआधी ४ × ६ इंचाची एक काढा आणि फोटो जिथे लावायचा, तिथल्याच उजेडात तपासा.