बाथटबवाला केज, सायकलवाला झॅपा

एक जुनी कृष्णधवल फीत. सूट-टायमधला एक गंभीर चेहऱ्याचा माणूस अमेरिकन टीव्हीच्या स्टुडिओत उभा आहे. त्याच्यासमोर घरातल्या वस्तू मांडल्या आहेत आणि हेच माझं संगीत, असं तो सांगतो. तो आवाज काढू लागतो, प्रेक्षक खिदळतात, सूत्रसंचालक मिश्कील चेहऱ्याने बघत राहतो. ही फीत कुठे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाच्या नावावर खपते, कुठे प्रायोगिक संगीतकार जॉन केजच्या. तारीख बहुतेक वेळा गायब असते. "त्या काळी टीव्हीवर काय काय दाखवायचे!" एवढं म्हणून बघणारा पुढे सरकतो.

मुळात या दोन फिती आहेत. केजची १९६० सालच्या सुरुवातीची, झॅपाची मार्च १९६३ची. बाथटब दिसला तर केज, सायकल दिसली तर झॅपा. ओळख पटवायला एवढं पुरेसं आहे. पण दोन्ही फिती लागोपाठ पाहिल्या की लक्षात येतं, गोंधळ फक्त नावांचा नाही. केज जे करतो ते मोकाट वाटतं, पण ते सेकंदासेकंदाला बांधलेलं आहे. झॅपा नवखा, आज्ञाधारक मुलगा वाटतो, पण त्या स्टुडिओत नेमकं काय चाललंय हे त्याच्याइतकं कोणालाच कळलेलं नाही.

आधी केज. 'आय्‌व्ह गॉट अ सीक्रेट' हा सीबीएस या अमेरिकन वाहिनीवरचा लोकप्रिय खेळ होता. पाहुणा आपलं गुपित सूत्रसंचालकाच्या कानात सांगायचा, पडद्यावर ते प्रेक्षकांना दिसायचं आणि नामवंतांचं मंडळ ते ओळखायचा प्रयत्न करायचं. केजचं गुपित म्हणजे त्याच्या वाद्यांची यादी. ग्रँड पियानो, बाथटब, इलेक्ट्रिक मिक्सर, बर्फाचे तुकडे, रबरी बदक, चावीचा मासा, सोडा सायफन, झारी, गुलाबांची फुलदाणी, शिकारी वापरतात तसली पक्ष्यांच्या हाकेची शिटी आणि पाच रेडिओ. यादी सरकू लागली तसा हशा वाढत गेला.

तेव्हा केज ४७ वर्षांचा होता. संगीतकार अर्नोल्ड शोएनबर्गकडे शिकलेला, न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये शिकवणारा, आणि १९५२मध्ये वादकाने एकही सूर न वाजवण्याची '४′३३″' ही रचना करून बदनाम झालेला. सूत्रसंचालक गॅरी मूर त्याची ओळख बऱ्यापैकी अदबीने करून देतो आणि मग थोडं ओशाळून विचारतो, की ही मंडळी चांगली आहेत, पण त्यातली काही हसणार, चालेल ना? केज शांतपणे म्हणतो, रडण्यापेक्षा हसणं बरं. हे संगीत आहे का, यावरही तो वाद घालत बसत नाही. संगीत म्हणजे ध्वनीची निर्मिती, मी ध्वनी निर्माण करणार आहे, म्हणून मी याला संगीत म्हणतो. विषय संपला.

रचनेचं नाव 'वॉटर वॉक'. का, तर त्यात पाणी आहे आणि ती वाजवताना मी चालतो, असं केजच सांगतो. आता मूळ फीत पुन्हा बघा, पण हशाकडे कान न देता केजच्या हाताकडे बघा. त्यात स्टॉपवॉच आहे. रचना बरोबर तीन मिनिटांची आहे. संहितेत वस्तूंची यादी, त्या कुठे ठेवायच्या याचा आराखडा आणि एकेका मिनिटाचं एकेक असं तीन पानांचं वेळापत्रक आहे. कोणत्या सेकंदाला मिक्सर सुरू करायचा, कोणत्या सेकंदाला गुलाबांवर पाणी घालायचं, हे आधीच ठरलेलं. हे ठरवताना केजने स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवून आपल्याच १९५८च्या 'फोंटाना मिक्स' या पारदर्शक पानांच्या संचातल्या, कशाही एकावर एक पडणाऱ्या रेषा आणि बिंदूंचा आधार घेतला होता. म्हणजे रचना करताना योगायोग आणि वाजवताना काटेकोर शिस्त. केजच्या या कामाला 'वाटेल ते करतो' म्हणणाऱ्यांची गल्लत इथेच होते. तो इकडून तिकडे लगबगीने जातो, कारण उशीर झाला तर चुकलंच.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. ही रचना मैफलीतून उचलून टीव्हीवर आणलेली नव्हती, ती लिहिलीच होती टीव्हीवरच्या एकट्या कलाकारासाठी. १९५८-५९मध्ये केज मिलानला इटालियन नभोवाणीच्या ध्वनिप्रयोगशाळेत काम करत होता. तिथे माइक बोंजोर्नो सादर करत असलेल्या 'लाशा ओ राद्दोप्पिया' या प्रश्नमंजूषेत त्याने भाग घेतला. विषय? अळंबी. संगीताच्या खालोखाल त्याचं वेड अळंब्यांचं. फेऱ्यांमागून फेऱ्या जिंकत तो शेवटपर्यंत गेला आणि ५० लाख लिरा घेऊन आला. त्यातून स्वतःसाठी पियानो आणि नर्तक मर्स कनिंगहॅमच्या नृत्यमंडळासाठी फोक्सवॅगनची बस घेतली. 'वॉटर वॉक' प्रथम सादर झाली ती याच कार्यक्रमात. प्रायोगिक संगीतकाराला प्रयोगाने नाही, तर अळंब्यांनी पैसे मिळवून दिले, हे खास केजचंच नशीब.

अमेरिकन फितीत एक गमतीचा अडथळाही आहे. रेडिओ लावायचे कोणी, प्लग कोणी खोचायचा, यावरून स्टुडिओतल्या दोन कामगार संघटनांत वाद होता. रेडिओ सुरूच होईनात. केजने तोडगा काढला: जिथे रेडिओ सुरू करायचा तिथे त्यावर थाप मारायची, जिथे बंद करायचा तिथे तो टेबलावरून खाली ढकलायचा. प्रेक्षकांना वाटतं हा खोडसाळपणा. प्रत्यक्षात तो संहितेतली प्रत्येक खूण पाळतोय, फक्त वेगळ्या कृतीने.

रेडिओशी त्याचं नातं त्याहूनही जुनं. १९४२मध्ये सीबीएससाठी कवी केनेथ पॅचनच्या श्रुतिकेला त्याने संगीत दिलं. आधी शहरातल्या आवाजांवर आधारलेली सुमारे २५० पानांची संहिता लिहिली. ती करणं शक्य नाही म्हटल्यावर घाईघाईने तालवाद्यांसाठी दुसरी. १९५१मध्ये त्याने बारा रेडिओ आणि चोवीस वादकांची रचना केली: एक जण स्टेशन बदलणार, दुसरा आवाज कमीजास्त करणार, आणि हवेत जे चालू असेल तेच संगीत. पुढे १९६६-६७मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय केंद्रावर संगीतकार मित्र मॉर्टन फेल्डमनशी त्याच्या लांबलचक गप्पा प्रसारित झाल्या. समुद्रकिनाऱ्यावर लोकांचे ट्रान्झिस्टर वाजतात याने फेल्डमन वैतागलेला. केजचं उत्तर असं, की मी रेडिओंसाठी रचनाच करून टाकली, आता कुठे रेडिओ वाजला की वाटतं, माझीच रचना वाजवतायत. केज समजून घ्यायचा तर माझ्या मते टीव्हीवरच्या फितीपेक्षा या गप्पा अधिक कामाच्या. टीव्हीवर तो विक्षिप्त दिसतो. रेडिओवर तो विचार करताना ऐकू येतो.

आता सायकल. स्टीव्ह ॲलनचा कार्यक्रम म्हणजे गप्पा, संगीत आणि वाटेल त्या करामती. झॅपा तेव्हा २२ वर्षांचा. केस नीट कापलेले, दाढीमिशा नाहीत, अंगावर सूट. पुढे ज्या मिशा त्याची ओळख बनल्या त्यांचा पत्ताच नाही. त्यामुळे लोक त्याला ओळखत नाहीत आणि मग कोणत्याही सूटवाल्याला झॅपा समजतात. त्याला कोणी शोधून आणलं नव्हतं. मी सायकल वाजवतो, असं त्यानेच कार्यक्रमवाल्यांना कळवलं होतं. असल्या विक्षिप्त पाहुण्यांना तिथे मागणी आहे हे त्याने बरोबर हेरलं होतं.

दोन सायकली आल्या. ॲलनने विचारलं, किती दिवस वाजवतोस? सुमारे दोन आठवडे, झॅपा निर्विकारपणे सांगतो. मग आऱ्या छेडणं, त्यांवर व्हायोलिनसारख्या वाद्यांचा गज फिरवणं, ड्रमच्या काठ्यांनी चौकटीवर मारणं, हँडलच्या नळीत फुंकणं, अशी एकेक तऱ्हा तो दाखवतो. नंतर ॲलन दुसऱ्या सायकलवर बसतो, पाठीमागे आधी तयार केलेली ध्वनिफीत लागते, आणि स्टुडिओतल्या वाद्यवृंदाला सूचना मिळते की सुरेल काहीही वाजवू नका. वेळापत्रक नाही, घड्याळ नाही. ॲलन हसून हसून बेजार.

खरं सांगायचं तर संगीत म्हणून हे केजच्या तीन मिनिटांपुढे फार फिकं आहे. बराच वेळ नुसता गलका. पण टीव्ही कसा हाताळायचा याचा धडा म्हणून झॅपाच सरस. तो ॲलनला विनोद करू देतो, स्वतः फारसा हसत नाही, आणि मधेच ज्या चित्रपटाला त्याने संगीत दिलं होतं त्याची जाहिरातही उरकतो, तीही जगातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून! केजला प्रेक्षकांचं हसू चालतं. झॅपाला ते हवं असतं, कारण त्याच वाटेने तो आत शिरलाय.

मग हा निव्वळ वात्रटपणा होता का? नाही. हा मुलगा आधुनिक संगीतकार एडगार वारेझचा निस्सीम भक्त होता. पंधराव्या वाढदिवशी आईकडून पाच डॉलर मागून घेऊन त्याने न्यूयॉर्कला वारेझच्या घरी फोन लावला होता. वारेझ परदेशी होता, म्हणून त्याच्या बायकोशीच बोलला. सायकलच्या कार्यक्रमानंतर दोनच महिन्यांनी, मे १९६३मध्ये, लॉस एंजेलिसच्या माउंट सेंट मेरीज कॉलेजात त्याच्या वाद्यवृंदरचनांची मैफल झाली आणि ती केपीएफके या रेडिओ केंद्राने ध्वनिमुद्रित केली. तिथे तो श्रोत्यांशी आपल्या रचनांबद्दल रीतसर बोलतो. सायकलीची फीत लाखोंनी पाहिली, ही मैफल मोजक्यांनी ऐकली. दोन्ही एकाच वर्षातली आहेत हे माहीत असलं की सायकलीकडे बघण्याची नजर बदलते.

पुढे दोघांच्या वाटा टीव्हीवरच सगळ्यात स्पष्ट वेगळ्या झाल्या. केज शेवटपर्यंत तसाच राहिला. १ जानेवारी १९८४ला व्हिडिओ कलाकार नाम जून पाइकने न्यूयॉर्क आणि पॅरिस उपग्रहाने जोडून जो थेट कार्यक्रम केला, त्यात केज ध्वनिवर्धक लावलेल्या निवडुंगाच्या काट्यांतून आवाज काढतो. चेहऱ्यावर तीच सौम्य तन्मयता.

झॅपाने मात्र टीव्हीशी उघड भांडण मांडलं. १९६८मध्ये 'द मंकीज' मालिकेत तो सायकलीवरून मोटारीवर आला आणि ती चक्क घणाने वाजवली, म्हणजे फोडली. ऑक्टोबर १९७८मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करताना समोरच्या फलकावरून संवाद वाचतोय हे तो प्रेक्षकांपासून लपवेना. पुन्हा बोलावणं आलं नाही. आणि १९८५-८६मध्ये, गाण्यांच्या शब्दांवर इशारेवजा शिक्के लावण्याचा वाद पेटला तेव्हा, तो पुन्हा सूट-टायमध्ये दिसला. आधी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना, मग सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या वादचर्चेच्या कार्यक्रमात. तिथे समोरचे तावातावाने बोलतात आणि झॅपा एकच मुद्दा लावून धरतो, की आपण शब्दांबद्दल बोलतोय, नुसत्या शब्दांबद्दल. १९६३चा तो निर्विकार चेहरा इथे उपयोगी पडला.

गोंधळाला एक सबळ कारणही आहे. १९९३च्या केज-स्मरण संग्रहात झॅपाने केजची ती गाजलेली 'शांत' रचना स्वतः सादर केली. त्यामुळे शोधयंत्रात दोन्ही नावं शेजारी येतात आणि फिती एकमेकांच्या गळ्यात पडतात. पण झॅपा केजच्या घराण्यातला नव्हे. त्याचं दैवत वारेझ, आणि त्याच्याकडे विडंबनाची जी धार आहे ती केजमध्ये औषधालाही सापडत नाही.

जाता जाता तिसऱ्या माणसाबद्दल, कारण तोही याच भानगडीत सापडतो. सप्टेंबर १९६३मध्ये त्याच 'आय्‌व्ह गॉट अ सीक्रेट'मध्ये, त्याच गॅरी मूरसमोर, एक तरुण पियानोवादक आला. नाव जॉन केल. केज नव्हे, केल. वेल्सचा, पुढे 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडमध्ये गेलेला. त्याचं गुपित असं, की फ्रेंच संगीतकार एरिक सातीची 'व्हेक्सेशन्स' ही छोटी रचना ८४० वेळा, अनेक वादकांनी पाळीपाळीने, १८ तासांहून जास्त वाजवली त्यात तो होता. ती मैफल भरवणारा अर्थातच केज. तिकीट पाच डॉलर, आणि जितका वेळ ऐकाल त्याप्रमाणे दर वीस मिनिटांना पाच सेंट परत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून राहिलेला एकमेव श्रोताही केलबरोबर कार्यक्रमात आला होता. पियानो आहे पण बाथटब नाही, आणि शेजारी एक पाहुणा बसलेला दिसतो, तर ती फीत केलची.