पिकअप वाइंडिंग (गिटारचे)

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक वायरचे वेटोळे असते. ते गुंडाळण्याची, तसेच तुटलेले वेटोळे काढून नव्याने भरण्याची क्रिया म्हणजे पिकअप वाइंडिंग. कारखान्यांत हे काम यंत्रांवर होते, पण एक लहान मोटार, वेढे मोजण्याची सोय आणि वायरचे रीळ एवढ्यावर ते घरीही करता येते. या नोंदीत फक्त चुंबकीय पिकअपचा विचार केला आहे. अकूस्टिक गिटारच्या घोडीखाली बसणाऱ्या पिझो पट्टीत वेटोळेच नसते. गोंधळ टाळण्यासाठी वाजवायच्या तारेला येथे ‘तार’ आणि गुंडाळायच्या तारेला ‘वायर’ म्हटले आहे. वाइंडिंगच्या दुकानांतही ‘वायर’ हाच शब्द चालतो.

तत्त्व फॅराडेचे, १८३१ मधले. कायम चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार स्वतः किंचित चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत (फ्लक्स) कमीजास्त होतो आणि वायरच्या दोन टोकांमध्ये विद्युत दाब उत्पन्न होतो. नायलॉनच्या तारा लावलेली गिटार अशा पिकअपवर मुकी राहते ती यामुळेच.

इतिहास : गिटारचा आवाज विजेने वाढवण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकात सुरू झाले. गिब्सन कंपनीतील लॉइड लोअर यांचे प्रयोग आणि शिकागोच्या स्ट्रॉमबर्ग-व्हॉइसिनेट कंपनीने १९२८ च्या सुमारास जाहीर केलेले वाद्य यांची नावे या संदर्भात घेतली जातात. मात्र ही साधने लाकडी पाटीची कंपने टिपत असावीत असे दिसते. तारेची हालचाल थेट चुंबकाने टिपण्याचे श्रेय त्यांना देणे कठीण आहे. ते श्रेय सामान्यतः लॉस एंजेलिसचे हवाइअन गिटारवादक जॉर्ज बीचम यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘फ्राइंग पॅन’ या वाद्याचा लाकडी नमुना १९३१ मध्ये तयार झाला आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या भागीदारीतील रो-पॅट-इन कंपनीने १९३२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे वाद्य विक्रीस आणले. पेटंटसाठी १९३४ मध्ये केलेला अर्ज मंजूर व्हायला १० ऑगस्ट १९३७ उजाडला (क्रमांक २०,८९,१७१). तोपर्यंत इतर कंपन्यांनी आपापली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली होती.

बीचम यांनी पहिले वेटोळे कशावर गुंडाळले, याबद्दल दोन कथा आहेत. एकीत कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार येते, तर दुसरीत शिवणयंत्राची. त्यांचे सहकारी पॉल बार्थ यांच्या सांगण्याचा रोख शेवटी शिवणयंत्राची मोटार वापरली असा होता. तो प्रमाण मानला तर दोन्ही कथा एकापाठोपाठच्या अवस्था ठरतात आणि वाद बराचसा मिटतो. दोन्ही यंत्रे घरातली आहेत, हे मात्र लक्षात घेण्याजोगे. घरी वाइंडिंग करणे ही कारखान्याची पुढे झालेली नक्कल नव्हे; चुंबकीय पिकअप जन्मालाच असा आला.

त्याहून अधिक वाद ‘हंबकर’ पिकअपच्या जनकत्वाचा. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरातील वीजपुरवठ्याची घरघर शिरते. उलट दिशेने जोडलेल्या दोन वेटोळ्यांत ती परस्परांना छेदते. चुंबकांची ध्रुवताही उलट ठेवली की तारेचा संकेत मात्र छेदला न जाता जोडला जातो. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी २२ जून १९५५ रोजी अर्ज केला व २८ जुलै १९५९ रोजी त्यांना पेटंट मिळाले. ग्रेच कंपनीसाठी ‘फिल्टरट्रॉन’ तयार करणारे रे बट्स यांचा अर्ज १९५७ चा आहे. पण त्यांचे प्रत्यक्ष काम आधीचे होते असा त्यांच्या बाजूने दावा केला जातो. अर्जाच्या तारखांवर जायचे तर पारडे लव्हर यांच्याकडे झुकते. मूळ कल्पना मात्र दोघांचीही म्हणता येत नाही: ए. एफ. नोब्लॉ यांचे एकावर एक वेटोळी रचलेले पिकअप १९३८ मध्येच पेटंट झाले होते. गिब्सनच्या सुरुवातीच्या हंबकरखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिकटपट्टी असे. त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ही पिकअप ‘पीएएफ’ म्हणून ओळखली जातात. पेटंट मिळाल्यावरही साधारण १९६२ पर्यंत ती पट्टी लावली जात होती. नंतर जो क्रमांक छापला गेला, तो पिकअपचा नव्हे, तर लेस पॉल यांच्या नावावरील तारांच्या खुंटपट्टीच्या पेटंटचा होता. ही चूक की स्पर्धकांची मुद्दाम केलेली दिशाभूल, यावर एकमत नाही.

पीएएफची महती सांगताना ठरावीक आकडे दिले जातात: प्रत्येक वेटोळ्यात ५,००० वेढे, ४२ गेजची वायर (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक; तो मोठा तशी वायर बारीक). प्रत्यक्षात ५,००० हे उद्दिष्ट होते. यंत्र आपोआप थांबत नसल्याने बॉबिन (वायर गुंडाळायची चौकट) भरली असे वाटले की काम करणारी व्यक्ती ते थांबवी. परिणामी टिकून राहिलेल्या पिकअपचा रोध सुमारे ७ ते ९ किलोओहम असा पसरलेला आढळतो आणि एकाच पिकअपची दोन वेटोळी क्वचितच सारखी भरतात. फेंडर कंपनीतही १९६० च्या दशकापर्यंत वायर हाताने मार्गी लावली जाई. तेथे १९५६ च्या सुमारास रुजू झालेल्या अबिगेल यबारा यांनी गुंडाळलेल्या पिकअपना संग्राहकांत वेगळी मागणी आहे. थोडक्यात, आजचे घरगुती कारागीर ज्या ‘जुन्या आवाजा’च्या मागे असतात, त्यात मानवी हाताच्या विसंगतीचा वाटा मोठा आहे.

दुरुस्तीतून व्यवसायाकडे गेलेल्यांत सीमूर डंकन यांचे नाव प्रथम येते. तरुणपणी त्यांनी आपल्या टेलिकास्टर या फेंडर गिटारचे बंद पडलेले पिकअप रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने भरले असे सांगितले जाते. त्या वेगाने ८,००० वेढ्यांना चार तास लागतात, तेही वायर एकदाही न तुटल्यास.

वायर व वेढे : ४२ अमेरिकन गेजच्या उघड्या तांब्याचा व्यास ०.०६३५ मिमी., म्हणजे डोक्याच्या केसाएवढा. मीटरला सुमारे ५.४ ओहम रोध पडतो. एका वेटोळ्याच्या पिकअपवर ८,००० वेढे म्हणजे ढोबळमानाने १,१०० मी. वायर, तांब्याचे वजन भरते अवघे ३० ग्रॅमच्या आसपास आणि रोध ६ किलोओहम. वायरवरील रोगणाचे मुख्य तीन प्रकार आहेत. गडद तपकिरी साधे इनॅमल आणि मधासारख्या रंगाचे फॉर्मव्हार हे दोन जुने. ते बारीक पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय झाळ धरत नाही. पॉलियुरेथेन तापलेल्या सोल्डरिंग आयर्नखाली आपोआप जळून जाते आणि झाळ लगेच बसते. नवख्याने पॉलियुरेथेन घ्यावे.

खरेदीविक्रीत पिकअपची ‘ताकद’ किलोओहममध्ये सांगण्याची पद्धत आहे. ती फारशी विश्वसनीय नाही. बारीक वायर घेतली तर वेढे तेवढेच राहूनही रोध वाढतो. तापमानानेही तो बदलतो: तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी चढतो, त्यामुळे २० अंशांना ६ किलोओहम दाखवणारे पिकअप मे महिन्याच्या दुपारी ३५ अंशांना ६.३५ दाखवील. आवाजाचा पोत ठरतो तो वेटोळ्याचे प्रवर्तकत्व (इंडक्टन्स) आणि केबलची विद्युत धारणा (कपॅसिटन्स) यांच्या अनुस्पंदनाने (रेझोनन्स). २.२ हेन्री प्रवर्तकत्व आणि केबलसह ७०० पिकोफॅरड धारणा धरल्यास या अनुस्पंदनाचे शिखर ४,००० हर्ट्झच्या आसपास येते. वेढे वाढवले की प्रवर्तकत्व वाढून शिखर खाली सरकते व आवाज जाड, मऊ होतो. वेढे ओळीने न रचता मुद्दाम विस्कळीत रचल्यास वेटोळ्याची स्वतःची धारणा घटते. मात्र केबलच्या धारणेपुढे हा फरक लहान असल्याने विस्कळीत वाइंडिंगचे गोडवे जरा जास्तच गायले जातात असे दिसते. वेढ्यांची संख्या आणि चुंबक यांचा प्रभाव निर्विवाद आहे.

गुंडाळणे : बॉबिन मोटारीच्या दांड्याला दुहेरी चिकटपट्टीने बसवतात. वायरचे रीळ जमिनीवर उभे ठेवतात. ते फिरत नाही, वायर त्याच्या वरच्या कडेवरून सुटत येते. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये फेल्टचा तुकडा धरून त्यातून ती जाऊ देतात. सगळे कसब या चिमटीत आहे. फार आवळले तर वायर ताणून बारीक होते किंवा तुटते. सैल सोडले तर वेटोळे फुगते आणि मोठ्या आवाजात शिट्टी मारू लागते. तुटलेल्या टोकाला गाठ मारून भागत नाही, सांधा झाळून त्यावर पातळ टेप द्यावी लागते. वेढे मोजायला घरगुती युक्ती साध्या कॅल्क्युलेटरची आहे: दांड्यावर लहान चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ येताच जुळणारी कळ) आणि त्याच्या दोन वायरी ‘=’ या बटणाखाली झाळलेल्या. ‘१ + १’ दाबून ठेवले की पुढच्या प्रत्येक फेरीला आकडा एकाने चढतो. वेग फार वाढवला तर स्वस्त कॅल्क्युलेटर फेऱ्या गाळतो, हे अनेकांना वेटोळे भरून झाल्यावर कळते.

दुरुस्ती : मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल तर वायर कुठेतरी तुटली आहे, नेहमीपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर काही वेढे आपसांत जुळले आहेत. तुटण्याची नेहमीची जागा म्हणजे बाहेरची जाड वायर जिथे झाळतात ती खिळी. बाहेरचे टोक सुटले असेल तर एकदोन वेढे उकलून पुन्हा झाळल्यावर काम होते. आतले टोक तुटले तर इलाज नाही, सगळे वेटोळे काढावे लागते. फेंडर पद्धतीच्या पिकअपमध्ये वायर अ‍ॅल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या दांड्यांना जवळजवळ लागूनच असते. घाम व दमट हवेने दांडे गंजतात आणि सर्वांत आतले वेढे खाल्ले जातात. पुन्हा भरण्याआधी दांड्यांवर लाखेचा हात देतात. जुनी वायर कापण्यापूर्वी वेढ्यांची दिशा आणि होकायंत्राने चुंबकाचा ध्रुव टिपून ठेवावा. दिशा चुकली तर ते पिकअप एकटे ठीक वाजते, पण दुसऱ्यासोबत लावताच आवाज पोकळ व किरटा येतो. तेव्हा दोन टोकांची अदलाबदल करून निभावता येते.

शेवटी, वेढे हलून शिट्टी मारू नयेत म्हणून, वेटोळे मेणात बुडवतात. पॅराफिन चार भाग व मधमाशांचे मेण एक भाग हे प्रमाण रूढ आहे. भांडे थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवतात आणि तापमान ६५ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, नाहीतर प्लॅस्टिकची बॉबिन वाकते. बुडबुडे येणे थांबले की मेण आतपर्यंत गेले असे समजतात. मूळ पीएएफ मेणात बुडवलेली नव्हती, त्यामुळे जुन्या हंबकरच्या दुरुस्तीत ही पायरी गाळावी असे मानणारेही आहेत.

भारतात वाइंडिंग वायर वजनावर आणि ब्रिटिश गेजने मिळते. त्या मापात ४६ गेज (०.०६१ मिमी.) हे अमेरिकन ४२ च्या सर्वांत जवळचे, ४५ गेज किंचित जाड पडते. क्रमांक तोच समजून ४२ गेज मागितले तर ०.१ मिमी.हून जाड वायर हाती येते आणि बॉबिनवर हवे त्याच्या निम्मेही वेढे बसत नाहीत. महाराष्ट्रात मिरवणुकांतून वाजणाऱ्या बेंजोवरही, म्हणजे पिकअप बसवलेल्या बुलबुलतरंगावर, पोलादी तारांखाली याच तत्त्वाचे वेटोळे असते आणि ते भरण्याची रीतही वेगळी नाही.