साक्ष कुठे संपते, सुवार्ता कुठे सुरू होते

रविवारच्या उपासनेत पाळक विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" कुणीतरी उठतं. आजारपण, गेलेली नोकरी, रात्र रात्र केलेली प्रार्थना आणि मग मिळालेली सुटका, सगळं भरल्या गळ्याने सांगतं. मंडळी 'हालेलूया' म्हणते. सोमवारी तीच व्यक्ती ऑफिसातल्या सहकाऱ्याला तीच हकिगत ऐकवते आणि घरी येऊन समाधानाने म्हणते, "आज सुवार्ता सांगितली." खरं तर तिने साक्ष दिली. सुवार्ता सांगायची अजून राहिलीच आहे.

साक्ष हा कोर्टातला शब्द, आणि नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मार्तुरिया' हाही तिथलाच. साक्षीदाराने स्वतः पाहिलं, स्वतःवर गुदरलं तेवढंच बोलायचं असतं. ऐकीव माहिती, अंदाज, वकिली यांना तिथे जागा नाही. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. शुभवर्तमान हा त्याचाच दुसरा शब्द. बातमी घडलेल्या घटनेची असते. सांगणारा बदलला तरी घटना बदलत नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात (15:3-5) ती चार क्रियापदांत मांडली आहे: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि लोकांना दिसला. या चारही ठिकाणी 'मी' कुठेच येत नाही.

खूण पटवायची असेल तर तुम्ही जे सांगता ते कागदावर उतरवा आणि प्रत्येक वाक्याच्या कर्त्याखाली रेघ ओढा. 'मी', 'माझी आई', 'आमचं घर' असे कर्ते भरले असतील तर ती साक्ष. 'देव', 'येशू', 'ख्रिस्त' हे कर्ते आणि त्यांची कामं वधस्तंभाशी व रिकाम्या कबरेशी जोडलेली असतील तर ती सुवार्ता. 'देवाने माझा गुडघा बरा केला' या वाक्यात कर्ता देव असला तरी घटना तुमची आहे, म्हणून ते वाक्य साक्षीच्या बाजूला जातं.

साक्षीचं बळ आणि तिची मर्यादा दोन्ही योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या) 9 व्या अध्यायात एकाच माणसात दिसतात. येशूच्या सांगण्यावरून एक जन्मांध माणूस शिलोहाच्या तळ्यावर डोळे धुऊन येतो आणि त्याला दिसू लागतं. परूशी, म्हणजे कडवे यहूदी धर्मपुढारी, त्याला पुन्हा पुन्हा उलटतपासतात. तो वादात शिरत नाही. मला बरं करणारा तो माणूस पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं एवढंच मला ठाऊक आहे, असं 25 व्या वचनात तो सांगतो. यावर कुणी काय बोलणार? पण अध्याय काळजीपूर्वक वाचला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. 11 व्या वचनात त्याच्यासाठी येशू 'एक मनुष्य' आहे, 17 मध्ये 'संदेष्टा', 33 मध्ये 'देवापासून आलेला'. 'प्रभू' म्हणून तो नमन करतो ते थेट 38 व्या वचनात, येशू स्वतः त्याला शोधत आल्यावर आणि आपण कोण हे सांगितल्यावर. दृष्टी आल्याचा अनुभव खरा होता, पण येशू कोण हे त्या अनुभवाने आपोआप उलगडलं नाही. ते सांगावं लागलं.

साक्ष कशी बांधावी याचा उत्तम नमुना नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात आहे. अग्रिप्पा राजासमोर पौल बोलतो: 4 ते 11 या वचनांत आधीचं आयुष्य, 12 ते 18 मध्ये दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूशी झालेली भेट, 19 ते 23 मध्ये त्यानंतर काय बदललं. आठ, सात, पाच वचनं. हा भाग घरी शांतपणे वाचून याच तीन भागांत आपली साक्ष लिहा. तीन मिनिटांत बसेल एवढी, म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द, आणि मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने म्हणून पाहा. बहुतेकांचा पहिला भागच फुगतो. दारू, भांडणं, कर्ज यांत अडीच मिनिटं जातात आणि ख्रिस्त शेवटच्या वाक्यात घाईने येतो. पहिला भाग एका मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका. नवरा, सासू, भाऊ यांची पापं तुमच्या साक्षीत नकोत. त्यांना विचारल्याशिवाय त्यांची गोष्ट सांगायचा हक्क आपल्याला नाही. आणि लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेल्या तरुणांनी साक्ष रंगतदार व्हावी म्हणून पाप वाढवून सांगू नये. ती खोटी साक्ष होते, आणि दहा आज्ञांमध्ये त्याबद्दल स्वतंत्र आज्ञा आहे.

साधी साक्षही खोल असू शकते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एवढ्या विदुषीने हे उघडपणे लिहावं यातच त्या साक्षीचं वजन आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते साक्षीला सुवार्तेच्या जागी बसवल्यामुळे. 'मी प्रार्थना केली, माझी गाठ विरघळली' हे खरं असेल. ऐकणारा मात्र त्याचा अर्थ 'येशूकडे आलं की गाठ विरघळते' असा घेतो. त्याच्या आईची गाठ विरघळत नाही, आणि तो येशूपासूनच दूर जातो. ख्रिस्ताने न दिलेलं वचन आपल्या तोंडून दिलं गेलेलं असतं. म्हणून बरं होण्याची साक्ष देताना एक वाक्य जरूर जोडावं: देव प्रत्येकाला असंच बरं करतो असं नाही, पण त्याच्याकडे येणाऱ्या कुणालाही तो घालवून देत नाही (योहान 6:37).

सुवार्तेसाठी तयारी वेगळी लागते, आणि इथे अभ्यासाला पर्याय नाही. साक्ष आठवणीतून येते, सुवार्ता शास्त्रातून. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15:1-11 हा भाग तीन वेळा वाचा. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदं लिहून काढा. दुसऱ्यात 'शास्त्राप्रमाणे' हा शब्द दोनदा कुठे आला ते पाहा आणि कोणतं शास्त्र असा प्रश्न विचारा: मरणाबद्दल यशया 53 उघडा, पुनरुत्थानाबद्दल स्तोत्र 16, जे येशूचा शिष्य पेत्र कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात वापरतो. तिसऱ्यात, तो कुणाकुणाला दिसला त्यांची यादी करा. मग पुस्तक मिटून हेच चार मुद्दे घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटांत सांगा. जिथे अडखळाल तिथेच पुढच्या आठवड्याचा अभ्यास आहे.

पहिल्या मंडळीतल्या फिलिप्प या सुवार्तिकाचं उदाहरण पाहा (कृत्ये 8). कूशी अधिकारी रथात बसून यशया 53 वाचतोय, पण हे कुणाविषयी लिहिलंय हे त्याला कळत नाही. फिलिप्प त्याच शास्त्रभागापासून सुरुवात करून त्याला येशूबद्दल सांगतो. स्वतःबद्दल बोलल्याचा तिथे उल्लेखही नाही. अभ्यास नसता तर तो रथात बसून काय बोलला असता? आपल्याकडे नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला; मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वचन स्वतः बोलतं. आपण ते नीट उघडून द्यायचं.

शब्दांचीही मराठीत खास अडचण आहे, आणि चर्चमध्ये वाढलेल्यांना ती दिसतच नाही. 'माझा नवा जन्म झाला' हे वाक्य हिंदू मित्राला पुनर्जन्मासारखं ऐकू येतं. 'तारण' म्हटलं की बँकेत दागिने ठेवून काढलेलं कर्ज आठवतं. 'ओझं लागलं', 'अभिषेक उतरला' यांतून तर बाहेरच्याला काहीच कळत नाही. आपली साक्ष लिहून झाली की असे शब्द गोल करा आणि प्रत्येकाच्या जागी घरात बोलतो तसं वाक्य घाला. 'तारण झालं' ऐवजी 'माझ्या पापांची शिक्षा येशूने स्वतःवर घेतली आणि देवाने मला क्षमा केली' हे लांब आहे, पण कळतं. शिवाय ते म्हणता म्हणता साक्षीतून सुवार्तेत पाऊल पडतं.

ते पाऊल टाकता येणं महत्त्वाचं. अग्रिप्पासमोरची पौलाची साक्ष (कृत्ये 26) 22 आणि 23 व्या वचनांत ख्रिस्ताचं दुःखसहन आणि पुनरुत्थान यावर येऊन पोचते, आणि 27 मध्ये तो अग्रिप्पाला थेट प्रश्न विचारतो. विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीच्या बोलण्यावरून तिच्या गावातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला. पण योहान 4:42 मध्ये ते तिला म्हणतात, आता तुझ्या बोलण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. साक्ष देणाऱ्याला यापेक्षा मोठा आनंद कोणता? म्हणून समोरच्याला रस वाटला तर त्याच्या हाती मार्काचं शुभवर्तमान द्या. 16 अध्याय आहेत. आठवड्याला एक म्हटलं तर चार महिन्यांत होतं. दर वेळी तीनच प्रश्न पुरेत: इथे येशू काय करतो, लोक त्याला काय म्हणतात, आणि तुला तो कोण वाटतो? रस नसेल तर तिथेच थांबा. पेत्राने (1 पेत्र 3:15) विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलंय, तेही सौम्यपणे. शाळेचा प्रवेश, नोकरी, पैसे यांची आशा दाखवणं तर सर्वस्वी वर्ज्य.

मधे असा प्रश्न येईल ज्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. तो वहीत लिहून घ्या, 'पुढच्या भेटीत सांगतो' म्हणा, पाळकांना विचारा, संबंधित अध्याय वाचा, आणि ठरल्या दिवशी उत्तर घेऊन जा. तोवर त्या जन्मांध माणसाचं 'मला ठाऊक नाही' आपल्यालाही म्हणता येतं; पुढचं वाक्य तेवढं खरं असावं.