लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचे रंगकाम व चिन्हांकन

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींवर मूळ विमानाचे मायावरण (शत्रूच्या नजरेस सहज पडू नये म्हणून केलेली रंगयोजना), राष्ट्रचिन्हे, तुकडीची अक्षरे व अनुक्रमांक अचूक उतरविण्याची कला. १:७२, १:४८ व १:३२ ही यातील रूढ प्रमाणे होत. येथे विमानाचा नुसता प्रकार ठरवून भागत नाही. कोणते विमान आणि कोणत्या महिन्यातील, हे आधी ठरवावे लागते. ब्रिटिश स्पिटफायरच्या वरच्या बाजूस १९४० मध्ये मातकट तपकिरी व गडद हिरवा असे पट्टे होते. ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीची जागा ‘ओशन ग्रे’ या करड्या रंगाने घेतली. अमेरिकी चिन्हातील ताऱ्यामधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला गेला. जून १९४३ च्या अखेरीस ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे आडवे पट्टे व भोवती लाल किनार आली आणि काही आठवड्यांतच लाल किनार बदलून निळी करण्याचा आदेश निघाला. लाल किनारीची विमाने म्हणूनच बहुधा एकाच हंगामातली ठरतात. अर्थात आदेशाची तारीख आणि प्रत्यक्ष रंग चढल्याची तारीख यांत अंतर असू शकते.

पुरावे तीन प्रकारचे असतात : शासकीय आदेश, छायाचित्रे आणि अवशेष. यांपैकी छायाचित्र सर्वांत विश्वासार्ह वाटते, पण रंगाबाबत ते फसवे असते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला असंवेदनशील असल्याने तीत लाल काळा, पिवळा गडद, तर निळा फिकट उमटतो. चिन्हांची जागा, आकार व कडा यांसाठी मात्र छायाचित्राला पर्याय नाही. नॉर्मंडीवरील चढाईसाठी जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर तीन पांढरे व दोन काळे असे पट्टे घाईघाईने, बऱ्याच ठिकाणी कुंचल्याने, काढले गेले. एक-इंजिनी विमानांवर त्यांची विहित रुंदी १८ इंच होती. प्रतिकृतीवर ते फूटपट्टीने आखल्यासारखे दिसले, तर काम सुबक होते, पण बरोबर नसते.

सर्वाधिक वाद झीरो या जपानी लढाऊ विमानाच्या सुरुवातीच्या रंगाविषयी आहे. बराच काळ हे विमान फिकट करडे मानले जाई. पर्ल हार्बर येथे पडलेल्या विमानांच्या अवशेषांवर ऑलिव्हकडे झुकणारी, किंचित पिवळसर छटा आढळल्याने या मताला धक्का बसला. एका पक्षाच्या मते ही छटा मूळचीच आहे. दुसऱ्याच्या मते रंगातील बंधक द्रव्य जुने होऊन पिवळे पडले. उन्हापावसात पृष्ठभाग भुकटीसारखा होऊन रंग फिका दिसतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्यामुळे जहाजावरील नव्या विमानाची छटा व जुन्या विमानाची छटा एक असण्याचे कारण नाही. उबदार, ऑलिव्हमिश्रित करडा हा पर्याय आज अधिक ग्राह्य वाटतो. निव्वळ पांढरट करड्याचे समर्थन आता कमी अभ्यासक करतात.

जर्मन हवाई मंत्रालयाच्या रंगक्रमांकांपैकी ७४, ७५ व ७६ हे करडे रंग बऱ्यापैकी निश्चित आहेत. १९४४ नंतरच्या ८१, ८२, ८३ या क्रमांकांबाबत तसे म्हणता येत नाही. ८१ व ८२ लागू करतानाच्या कागदपत्रांत रंगाचे नमुनापत्रक उपलब्ध नसल्याचा उल्लेख येतो आणि ८१ चे वर्णन कोठे तपकिरी-जांभळा, तर कोठे ऑलिव्ह-तपकिरी असे भिन्न सापडते. ८३ हा गडद हिरवा असल्याचे दीर्घकाळ गृहीत धरले गेले व किटबरोबरची (प्रतिकृतीच्या सुट्या भागांच्या संचाबरोबरची) सूचनापत्रके अजूनही बहुधा तेच सांगतात. अलीकडे काही अभ्यासकांनी तो गडद निळा असल्याचे मांडले आहे. हे मत मान्य केल्यास शेवटच्या काळातील मेसरश्मिट व फोके-वुल्फ विमानांवरील हिरव्या छटा ८१ व ८२ यांच्याच निरनिराळ्या उत्पादनांच्या ठरतात, आणि हेच अधिक संभाव्य दिसते. पंख, शेपूट व धड वेगवेगळ्या कारखान्यांत रंगवून नंतर जोडले जात असल्याने एकाच विमानावर न जुळणाऱ्या छटाही आढळतात.

रंग जुळविण्यासाठी सर्रास वापरले जाणारे अमेरिकी ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ हे मानक १९५६ चे, म्हणजे युद्धोत्तर आहे. त्यातील क्रमांक जवळची छटा दाखवितात, मूळ रंग नव्हे. लहान प्रमाणात रंग फिकट करावा, या ‘स्केल इफेक्ट’च्या सूत्रातील टक्केवारी संकेताने ठरलेली असून ती नजरेने तपासूनच वापरावी.

सोव्हिएट विमानांसाठी १९४३ मध्ये हिरव्या-काळ्या योजनेऐवजी करड्या रंगांची जोडी आली. त्यांतील एएमटी-११ या रंगात निळेपणा किती होता, यावर एकमत नाही.

डीकॅल (पातळ फिल्मवर छापलेली, प्रतिकृतीवर चिकटविण्याची चिन्हे) लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा थर देतात. खरखरीत पृष्ठभागावर फिल्मखाली हवा अडकून ती चंदेरी दिसते. मऊ करणाऱ्या द्रावाने डीकॅल खाचांत बसतो, आणि शेवटी मॅट वार्निश येते. जर्मनीत स्वस्तिकाच्या सार्वजनिक वापरावर कायद्याने निर्बंध असल्यामुळे शेपटीवरील हे चिन्ह अनेक किटच्या डीकॅलपत्रावर नसते, किंवा दोन तुकड्यांत छापलेले असते.