छळछावणी आणि मृत्युछावणी: माणूसपण हिरावण्याच्या दोन रीती

पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, बरगड्या मोजता येतील अशी शरीरं, फळ्यांवर दाटीवाटीनं पडलेले कैदी. नाझी छावण्या म्हटलं की हीच छायाचित्रं आठवतात. त्यांतली बरीचशी १९४५ साली बुखेनवाल्ड, डाखाऊ, बर्गन-बेल्सेन इथं काढलेली आहेत. या छळछावण्या. ट्रेब्लिंका, सोबिबोर आणि बेल्झेक या मृत्युछावण्या. तिथली अशी छायाचित्रं नाहीत, कारण दोस्तसैन्य पोहोचलं तेव्हा तिथं कैदीच उरले नव्हते. ट्रेब्लिंका तर १९४३ मध्येच जमीनदोस्त करून नाझींनी त्या जागी शेतघर उभारलं होतं.

पहिली छळछावणी म्युनिकजवळ डाखाऊला मार्च १९३३ मध्ये निघाली, ती हिटलरच्या राजकीय विरोधकांसाठी. ज्यूंना केवळ ज्यू म्हणून मोठ्या संख्येनं छावण्यांत कोंबलं गेलं ते नोव्हेंबर १९३८ मधल्या ज्यूंविरुद्धच्या हिंसाचारानंतर. तेव्हा सुमारे ३०,००० ज्यू पुरुष पकडले गेले. आत गेल्यावर कपडे काढून घेतले जात, केस भादरले जात, नावाच्या जागी क्रमांक येई. मग तासन्‌तास हजेरीसाठी उभं राहणं, मरेस्तोवर काम आणि उपासमार. माणूस जिवंत ठेवून त्याच्यातलं माणूसपण रोज थोडं थोडं खरवडून काढायचं, अशी ही रीत होती.

ऑशविट्झमधून वाचलेल्या एका इटालियन कैद्यानं चमच्याची हकिगत लिहून ठेवली आहे. नव्या कैद्याला चमचा मिळत नसे. वाट्याला आलेला पाव देऊन तो मिळवायचा, नाहीतर सूप कुत्र्यासारखं चाटून प्यायचं. छावणी मुक्त झाली तेव्हा गोदामात हजारो नवेकोरे चमचे सापडले. म्हणजे टंचाई नव्हतीच! माणसाला जनावरासारखं खायला लावणं हाच हेतू होता. मला ही नोंद आकडेवारीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

मृत्युछावणीत एवढा वेळच दिला जात नसे. ट्रेब्लिंकाला गाडीतून उतरलेली बहुतेक माणसं दोन-तीन तासांत विषारी वायूच्या कोठड्यांत मारली जात. फलाटावर खोटं स्टेशन उभारलं होतं, त्यावर काटे न हलणारं, रंगवलेलं घड्याळ होतं. क्रमांक नाही, पट्ट्यांचे कपडे नाहीत, झोपायला फळी नाही. कपडे उतरवायला लावायचे, बायकांचे केस कापायचे आणि नग्नावस्थेत पळवत न्यायचं. सामानाची वर्गवारी करायला आणि प्रेतं हलवायला काहीशे ज्यू तेवढे मागे ठेवत. वर्षभराच्या थोड्या अधिक काळात तिथं नऊ लाखांच्या आसपास ज्यू मारले गेले.

मारायचंच होतं, तर आधी ही विटंबना कशाला? ट्रेब्लिंकाचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल याला १९७१ मध्ये तुरुंगात हे विचारलं गेलं. मारणाऱ्यांची मनं तयार व्हावीत, त्यांना ते काम करता यावं म्हणून, असं त्यानं सांगितलं. समोरचे लोक आपल्याला माल वाटत, हेही त्यानं कबूल केलं.

या दोन प्रकारच्या छावण्यांत घोळ होतो तो मुख्यतः ऑशविट्झमुळे, कारण तिथं दोन्ही गोष्टी होत्या. सुमारे १३ लाख माणसं तिथं आणली गेली. ११ लाख मेली, त्यांत जवळपास दहा लाख ज्यू. कैदी म्हणून नोंद मात्र आणलेल्यांपैकी चार लाखांचीच झाली. हातावर क्रमांक गोंदण्याची पद्धत फक्त याच छावणीत होती, आणि तो कामासाठी निवडलेल्यांच्या हातावर. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि त्यांच्या आया फलाटावरूनच थेट वायुकोठडीकडे गेल्या. त्यांच्या वाट्याला क्रमांकसुद्धा आला नाही.

होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, नाकारणारे या गोंधळाचाच फायदा घेतात. डाखाऊत वायूनं सामूहिक हत्या झाली नाही, ही खरी गोष्ट पुढे करून ते म्हणतात की मग ती कुठेच झाली नसावी. सामूहिक हत्येसाठी मृत्युछावण्या वेगळ्या होत्या, हे माहीत असलं की हा युक्तिवाद तिथंच कोसळतो. आणि वायूशिवायही डाखाऊत भूक, टायफस, मारहाण आणि गोळ्यांनी चाळीस हजारांहून अधिक माणसं मेली.