बाघ चुनखडक

बाघ चुनखडक : नर्मदेच्या खोऱ्यात, मुख्यतः धार जिल्ह्यात (मध्य प्रदेश), इंदूरच्या नैर्ऋत्येस उघडे पडलेले उत्तर क्रिटेशस काळातील (डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडाच्या उत्तरार्धातील) सागरी चुनखडक. कुक्षीजवळील बाघ या गावावरून त्यांना हे नाव मिळाले. पश्चिमेकडे त्यांचे तुटक उघडे भाग गुजरातेत छोटा उदेपूरच्या बाजूपर्यंत आढळतात. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या बाघ गावाजवळची प्रसिद्ध लेणी मात्र चुनखडकात नसून त्याखालच्या निमाड वालुकाश्मात कोरलेली आहेत.

भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये केलेली या थरांची विभागणी किरकोळ फेरफारांसह आजही वापरात आहे. तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, नंतर देवला-चिराखान मार्ल (चिकणमाती मिसळलेला चुनखडक) आणि सर्वांत वर प्रवाळी चुनखडक, असा तिचा क्रम आहे. यांपैकी प्रवाळी चुनखडक तांबूस-पिवळसर असून त्यात प्रवाळ नव्हे, तर ब्रायोझोआ या वसाहती करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या सांगाड्यांचे तुकडे प्राधान्याने असतात. साध्या भिंगाखालीही त्यांच्या काड्यांवरील बारीक छिद्रांच्या रांगा दिसतात. या थरांतील तिरपे स्तरण उथळ पाण्यातील जोरदार प्रवाहांचे निदर्शक आहे.

गाठाळ चुनखडकाच्या गाठी कशा बनल्या, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हा खडक फिकट व सूक्ष्मकणी असून त्यातील मुठीएवढ्या ओबडधोबड गाठींभोवती चिकणमातीच्या नागमोडी रेषा असतात. एका मतानुसार खेकड्यासारख्या बिळे करणाऱ्या प्राण्यांनी मऊ गाळ ढवळला, त्यांच्या बिळांभोवती कॅल्साइटाचे (कॅल्शियम कार्बोनेटाच्या स्थिर खनिजाचे) संयोजक द्रव्य लवकर साचले आणि गाठी समुद्रतळावरच घट्ट होऊ लागल्या. दुसऱ्या मतानुसार थर खोल गाडले गेल्यावर वरच्या भाराने चुना विरघळला, न विरघळणारी माती रेषांत गोळा झाली आणि मधले भाग गाठी म्हणून उरले. बिळांचे आकार अनेक ठिकाणी ओळखता येतात. त्यामुळे सुरुवात पहिल्या प्रक्रियेने झाली व दाबाने तिला ठळकपणा आला, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटात कॅल्शियम ऑक्साइड सुमारे ५६ टक्के व कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ४४ टक्के असते. मातीचे प्रमाण वाढले की पहिला आकडा घसरतो. म्हणून सिमेंटसाठी खडक निवडताना मार्ल व गाठाळ चुनखडक वेगळे तपासावे लागतात. मूळच्या शिंपल्यांतील ॲरॅगोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटाचे दुसरे खनिज अस्थिर असल्याने ते विरघळते किंवा कॅल्साइटात रूपांतरित होते. अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे नामशेष सागरी प्राणी) पुष्कळदा केवळ साच्यांच्या रूपात मिळतात आणि कॅल्साइटी कवचांचे प्राणी तुलनेने चांगले टिकतात, याचे कारण हेच.

काळनिश्चितीबाबत मतभेद आहेत. पुराजीववैज्ञानिक डंकन यांनी १८६५ मध्ये सागरी अर्चिन या काटेरी कवचाच्या प्राण्यांच्या जीवाश्मांवरून हे थर सेनोमेनियन (उत्तर क्रिटेशसचा पहिला टप्पा) मानले. भूवैज्ञानिक व्रेडेनबुर्ग यांनी १९०७ मध्ये अमोनाइटांचा अभ्यास मांडला. गाठाळ चुनखडकातील अमोनाइटांच्या अलीकडील पुनर्तपासणीनंतर कल त्यापुढच्या ट्युरोनियन टप्प्याच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाकडे आहे, तर प्रवाळी चुनखडक त्यानंतरच्या कोनिएशियन टप्प्यातील असावा. समुद्र पश्चिमेकडून नर्मदेच्या खचदरीत शिरला, याविषयी फारसे दुमत नाही.

बाघ थरांवर लॅमेटा चुनखडक व त्यावर दक्षिण ट्रॅपचे (दख्खनच्या पठाराचे) लाव्हा थर येतात. लॅमेटा चुनखडक सागरी नसून मुख्यतः जमिनीत चुना साचून बनलेला आहे. धार जिल्ह्यातील त्याच्या थरांतून डायनोसॉरांची ९२ घरटी व २५६ अंडी नोंदवणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जीवाश्म नसलेल्या तुकड्यांत हे दोन चुनखडक वेगळे काढणे अवघड जाते, कारण विरल हायड्रोक्लोरिक अम्लाच्या थेंबाने दोन्ही सारखेच फसफसतात. अशा वेळी मुळांच्या खुणा, सिलिकायुक्त शिरा व जागच्या जागी तडकलेली रचना पाहावी लागते, किंवा कार्बनाच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण मोजावे लागते. लॅमेटासारख्या मृदाजन्य (मातीत बनलेल्या) कार्बोनेटात जड समस्थानिक सागरी कार्बोनेटापेक्षा कमी असतो.