दिव्यावरची चिलटे

रात्री ओसरीवरच्या किंवा रस्त्याच्या दिव्याभोवती घोंगावणाऱ्या बारीक, दोन पंखांच्या किड्यांना मराठीत सरसकट चिलटे, घुंगुरटे म्हणतात. नाशिककर त्यांना ‘मच्छर’ म्हणून मोकळे होतात आणि कॉइल लावतात. गंगापूर धरणापासून खाली चांदोरी, सायखेडा, नांदूरमध्यमेश्वरपर्यंतच्या गोदाकाठी दिसणाऱ्या या झुंडींत कायरोनोमिडी कुळातली चिलटे असतात, आणि ती चावतच नाहीत.

ओळख पटवायची तर ट्यूबखाली पडलेले एक चिलट पांढऱ्या कागदावर घ्यावे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठे करून पाहावे. डासाला लांब सोंड असते, याला नसते. डासाच्या पंखांवर खवले असतात. याचे पंख बिनखवल्यांचे आणि बहुधा पोटापेक्षा आखूड. भिंतीवर बसलेले चिलट पुढचे लांब पाय उचलून धरते, डास बहुधा मागचे. मिशांवरून मात्र फसगत होते. चिलटाच्या नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात खऱ्या, पण डासाच्या नराच्याही तशाच असतात.

अळ्या तळाच्या गाळात वाढतात. तिथे प्राणवायू कमी, म्हणून अनेक जातींच्या अळ्यांत हिमोग्लोबिन असते आणि त्या लालभडक दिसतात. मत्स्यालयवाले ‘ब्लडवर्म’ म्हणून विकतात ते हेच. पंख फुटल्यावरचे आयुष्य थोड्या दिवसांचे. त्यात बहुतेक जाती काही खात नाहीत.

चावणारी चिलटे वेगळी. क्युलिकॉइडिस जेमतेम 1 ते 3 मिमी, पंखांवर बहुधा ठिपके. मेंढ्यांना होणाऱ्या ब्लूटंग रोगाचा विषाणू तीच पसरवतात. न्हाणीघराच्या भिंतीवरची केसाळ, पानाच्या आकाराच्या पंखांची माशी गटारातली. इगतपुरीकडे भाताच्या दिवसांत दिव्यावर येणारे हिरवे तुडतुडे तर या दोन पंखांच्या किड्यांच्या गणातलेच नव्हेत: त्यांना चार पंख असतात आणि बोट लावताच ते उडी मारतात.

उडताना पाठ उजेडाकडे ठेवण्याची किड्यांची सवय आभाळाखाली उपयोगी पडते, पण जवळच्या दिव्यापाशी ते त्याच्याभोवतीच गरगरत राहतात. अतिनील आणि निळसर प्रकाश त्यांना अधिक खेचतो, म्हणून दारावर पिवळा दिवा बरा. सकाळी साचलेला मेलेल्या चिलटांचा थर कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. त्याची धूळ काहींना दम्यासारखा त्रास देते.